दोष नाही

लॅमिंग्टन रोडला मुफद्दलने काचेवर तीन डब्या मांडल्या.
निळी साडेचारशेला, काळी चौदाशेला,
तिसरी तीन हजारांना दहा कमी.
म्हणाला, काका, तिन्ही फोनला जोडतात, एकच काम करतात.
एकच काम करणारी माणसं
मी डेपोत एकतीस वर्षं पाहिली आहेत.

विजेच्या बिलामागे प्रश्न लिहून आणले होते:
ब्लूटूथ की वाय-फाय
(वाय-फायवाली फोनचं इंटरनेट अडवून बसते, भाचा म्हणाला).
काढायची विसरली तर रात्रीतून बॅटरी पिते का.
२०१२ची वॅगनआर तिला ओळखते का.
आणि तळाशी, दोन रेघा मारून: खोटं बोलते का.

हे शेवटचं विचारलं नाही.
त्याची सोय करूनच दुकानात शिरलो होतो.
पे-अँड-पार्कात बॉनेट उघडून
दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचा सॉकेट उपसला
(घरून तसा येणार नव्हतो, सायलेन्सरमधली जाळी जळते)
आणि इंजिन चालू ठेवलं.
पावतीवाला पोऱ्या म्हणाला, अंकल, गाडी मरतेय.
म्हटलं, तिची नाही, दुसऱ्या कुणाची परीक्षा आहे.

पूर्वी हे सगळं एका स्क्रूड्रायव्हरवर भागायचं.
टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला.
टॅपेट वेगळा बोलायचा, बेअरिंग वेगळं कण्हायचं.
दिनानाथ खोत तर चहा पिता पिता सांगायचा,
तिसऱ्या लाइनीतली गाडी, मागचं डावं.
आता मूठ तीच, हाड तेच.
मध्ये कुणी कापूस भरलाय.

मुफद्दल छत्री धरून उभा, मी स्टिअरिंगखाली,
गुडघे कुरकुरत, सोळा खाचांचं ते भोक चाचपत.

निळी लगेच पेटली. लगेच जोडली गेली. लगेच म्हणाली:
दोष नाही.
समोर पिवळा दिवा, सीट थडथडतेय,
आणि ही छातीठोक, दोष नाही.

काळी म्हणाली, कुठेतरी ठोका चुकतोय.
कुठे, ते नाही. आमचे साहेब असेच शेरे मारायचे.

तिसरीने वेळ घेतला. इतका, की मुफद्दल घड्याळ बघू लागला.
मग: पी शून्य तीन शून्य दोन.
दुसरा सिलिंडर. शाब्बास.

आणि तिच्याखाली आणखी एक ओळ.
ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.
दिवा लावण्याइतकं अजून पक्कं नाही, पण नोंद आहे.
हा दोष मी लावलेला नव्हता.

गेल्या महिन्यात परळला, काचेच्या खोलीत,
कानाच्या बाईंनी हातात बटण दिलं होतं.
आवाज आला की दाबा.
मी काचेतून बाईंचा खांदा बघत होतो.
खांदा हलला की दाबत होतो.
रिपोर्ट चांगला आला.
शालनने तो वाचला, चार घड्या घातल्या,
आणि साखरेच्या डब्याखाली सारला.
ती पाणी गेल्याचं सांगते, मी हं म्हणतो.
गवार आणू की घेवडा विचारते, मी हं म्हणतो.
लगेच म्हणतो.

तिसरीचे अठ्ठावीसशे दिले.
मुफद्दल म्हणाला, हिच्यात कोड पुसायचं बटण पण आहे, काका,
दाबलं की सगळं साफ.
सगळंच?
सगळंच.

बॉनेटखाली हात घालून सॉकेट परत बसवला.
टक् वाजलं असणार. बोटाला तरी कळलं.
इंजिन सरळ झालं, पिवळा दिवा मात्र तसाच,
खालची ती ओळही.
पुसलं नाही.

पोऱ्या काचेशी वाकून काहीतरी बोलला.
हं माझ्या ओठांवर आलाच होता.
म्हटलं, परत बोल.
या बाजूने ये, आणि जरा सावकाश.